मूत्राशयाचे जुनाट दुखणे: निदानानंतरचे पहिले महिने कसे काढावेत

‘उन्हाळी लागली असेल, धने-जिऱ्याचे पाणी प्या’ हे घरच्यांचे सांगणे आणि अँटिबायोटिकचे एकामागून एक कोर्स यांत वर्ष-दोन वर्षे घालवल्यानंतर अनेकांच्या हाती ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ हे निदान पडते. डॉक्टर त्यालाच ‘आयसी’ किंवा ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’ म्हणतात. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या व्याख्येनुसार, मूत्राशयातून येते आहे असे वाटणारी वेदना, दाब किंवा अस्वस्थता सहा आठवड्यांहून अधिक टिकली, जोडीला लघवीच्या तक्रारी असल्या आणि जंतुसंसर्ग किंवा दुसरे कारण सापडले नाही, तर हे निदान करता येते. दुसरे कारण नाही हे आधी पाहावे लागत असल्यामुळे सुरुवात जुन्या कागदांपासून करावी.

१. फाइल लावा

लघवीच्या कल्चरचे (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचे) सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, पण लघवीत पू-पेशी मात्र वारंवार दिसतात, असे असेल तर मूत्रमार्गाचा क्षयरोग तपासला आहे का, हे डॉक्टरांना विचारा. क्षयाचे जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये वाढत नाहीत आणि आपल्याकडे ही शक्यता गृहीत धरावीच लागते. मूत्राशयाची दुर्बिणीने तपासणी झाली असेल तर ‘हनर लीजन’ दिसले की नाही, हे रिपोर्टात शोधा. बाल्टिमोरचे गाय हनर यांनी १९१५ च्या सुमारास वर्णन केलेल्या या जखमा थोड्याच रुग्णांत आढळतात. मात्र आढळल्यास त्या दुर्बिणीतूनच जाळता येतात किंवा तेथे स्टेरॉइड टोचता येते, आणि त्याने चांगला आराम पडू शकतो. पुरुषांचे हेच दुखणे पुष्कळदा प्रोस्टेटच्या नावावर जमा होते, तर स्त्रियांमध्ये एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे आवरण गर्भाशयाबाहेर वाढणे) सोबत असू शकते.

२. तीन दिवसांची नोंद ठेवा

या पायरीला मी सर्वाधिक महत्त्व देते, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘सारखी लागते’ यापलीकडे आपल्याला काही सुचत नाही. पाचशे मिलीच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग न्हाणीघरात ठेवा आणि वहीत चार रकाने आखा: वेळ, किती मिली, जाण्याआधीची वेदना दहापैकी किती, गेल्यानंतरची किती. ‘पहाटे ३.४०, ८० मिली, ६, ३’ एवढे लिहिले तरी पुरते. मूत्राशय भरत जाताना वेदना वाढावी आणि रिकामे झाल्यावर काही काळ उतरावी, ही या आजाराची ओळखीची खूण आहे, आणि ती अशा दहा-बारा ओळींतून आपोआप उमटते. तीन दिवसांत एक तरी कामाचा आणि एक तरी सुट्टीचा दिवस असू द्या. घरी बसून ठेवलेल्या नोंदी फार शहाण्या दिसतात. काय खाल्ले-प्यायले, पाळीचा दिवस, मलावरोध आणि बैठक किती तास झाली, हे समासात लिहावे.

३. सगळे एकदम बंद करू नका

कॉफी, चहा, लिंबूवर्गीय फळे, टोमॅटो, मद्य, सोडायुक्त पेये, तिखट आणि कृत्रिम गोडवा यांनी पुष्कळांचा त्रास वाढतो. आपल्या स्वयंपाकघरात चिंच, आमसूल, ठेचा आणि लोणचे यांच्यावरही नजर ठेवावी लागते, शिवाय सर्दीसाठी चघळलेली ‘क’ जीवनसत्त्वाची गोळी कोणाच्या लक्षातही येत नाही. तरीही प्रत्येकाचे वैरी वेगळे असतात. म्हणून संशयित पदार्थ दोन ते चार आठवडे थांबवा, मग तीन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक परत घ्या आणि वहीशी ताडून पाहा. केवळ दुपारचा चहा दोषी निघाला, तर सोलकढीला जन्मठेप कशाला? पाण्याचेही तसेच आहे: लघवी घट्ट झाली की आग वाढते, पण मुतखड्याच्या रुग्णाला सांगतात तसे भरमसाट पाणी प्यायल्यास फेऱ्याच वाढतात. दिवसभर थोडे थोडे प्यावे.

४. स्नायू सैल करायला शिका

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू दुखत आणि ताठरलेले असतील तर ते आवळण्याचे केगल व्यायाम करू नयेत. त्याने दुखणे वाढू शकते. असे स्नायू हाताने मोकळे करणारे प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट शोधावेत. घरी गरम पाण्याची पिशवी, पोटातून घेतलेले संथ श्वास आणि मल कडक होऊ न देणे, एवढे नेमाने करावे. लघवी करताना जोर लावू नये. वेदना आटोक्यात आल्यावर दोन फेऱ्यांमधले अंतर दर आठवड्याला पाच-दहा मिनिटांनी वाढवता येते.

५. औषधे समजून घ्या

ॲमिट्रिप्टिलीनच्या माहितीपत्रकावर ‘नैराश्य’ वाचून, आपल्याला मनोरुग्ण ठरवले अशा समजुतीने काही जण गोळी परस्पर बंद करतात. येथे ती लहान मात्रेत, वेदनेसाठी दिलेली असते. झोप येणे आणि तोंड कोरडे पडणे हे तिचे परिणाम होत. या आजारातील मूत्राशयाच्या वेदनेवर दिल्या जाणाऱ्या पेन्टोसान पॉलिसल्फेट या औषधाला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली, पण दीर्घकाळ घेतल्यास दृष्टिपटलावर परिणाम होण्याचा धोका लक्षात आल्याने २०२० मध्ये तेथे त्याच्या माहितीपत्रकात तसा इशारा घालण्यात आला. म्हणून हे औषध घेताना नेत्रतपासणीबद्दल अवश्य विचारावे.

६. दुखणे उसळेल त्या दिवसासाठी

गरम पिशवी, डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक आणि पातळ मऊ भात एवढी तयारी आधीच असू द्या. नव्याने जळजळ झाली म्हणून उरलेले अँटिबायोटिक घेऊ नका; आधी कल्चरला नमुना द्या. लघवीत रक्त, थंडी वाजून ताप किंवा लघवी तुंबणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मुंबईच्या लोकलमध्ये स्वच्छतागृह नसल्यामुळे उतरता येईल असे मधले स्थानक ठरवून ठेवावे. संबंधांच्या वेळी दुखत असेल तर जोडीदाराला तसे सरळ सांगावे, आणि पुढच्या भेटीत ती तक्रार डॉक्टरांनाही सांगता यावी म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावी, कारण तपासणीच्या खोलीत नेमके तेच बोलायचे राहून जाते.