गावच्या बागेत फुलपाखरं येईनात, मग काय केलं (माझा अनुभव)

मुळशीकडे आमच्या गावात ओढ्याच्या कडेला गावकीची थोडी पडीक जागा आहे, तिथं सगळ्यांनी मिळून छोटी बाग केली, पण नर्सरीवाल्यानं नुसतं लॉन आणि डुरांटा (कुंपणाला लावतात ते शोभेचं झुडूप) गळ्यात मारला. दिसायला झकास, पण फुलपाखरं म्हणाल तर एखाददुसरंच.

फुलांवर ती फक्त मध प्यायला येतात हो, अंडी घालायला ठरलेलीच झाडं लागतात, म्हणून अर्धं लॉन उखडून कढीपत्ता, लिंबू, पानफुटी लावली आणि कडेची रुई उपटायची नाही असं सगळ्यांना बजावलं. रुईवर प्लेन टायगर, पानफुटीवर रेड पिएरो, लिंबावर कॉमन मॉरमॉन, आणि नशिबात असेल तर ब्लू मॉरमॉन पण (२०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू!).

खरी डोकेदुखी फवारणीची. लिंबाची पानं कुरतडलेली बघून शेजारच्या काकू पंप घेऊनच आल्या, मग त्यांना अळी दाखवली, लहानपणी अगदी पक्ष्याच्या शिटेसारखी, मोठी झाली की हिरवीगार, आणि बोट लावलं की डोक्याच्या मागून लालसर शिंगं बाहेर काढते. काकू दचकल्या आणि मग हसत सुटल्या. फवारणी बंद, आता नातवंडांना त्याच अळ्या दाखवतात. डुरांटा मात्र अजून आहे, सरपंचांना आवडतो.