कापडाला कात्री लावायच्या आधी

नवरात्रीला घालायचा कुर्ता यंदा घरीच शिवायचा ठरवलं असेल तर कापड गणपतीच्या आधीच आणा, कारण ते आधी धुवून वाळवायचंय आणि ठाण्याच्या पावसात गॅलरीत टाकलेलं अडीच मीटर कॉटन किती वेळ दमट राहतं ते तुम्हाला माहितीच आहे. धुवायचा कंटाळा नको. साधं कॉटन पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के सहज आटतं, तेही जास्त करून उंचीत, म्हणजे 44 इंचांचा कुर्ता दीड-दोन इंच वर जातो. अस्तर लावणार असाल तर तेही धुवा, हे हमखास विसरलं जातं, मग नंतर अस्तर आटतं आणि वरचं कापड फुगून बसतं. अजरख वगैरे रंग सोडणारं असेल तर वेगळं भिजवा (मीठ टाकलं की रंग पक्का होतो म्हणतात, त्यावर विसंबू नका) आणि जरा ओलसर असतानाच उभ्या धाग्यात, म्हणजे कापडाच्या लांबीच्या दिशेने, इस्त्री फिरवा.

कापड घ्यायला ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात गेलात की सोबत मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापडही घ्या, ट्रायलसाठी. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी विचारल्याशिवाय मीटर सांगू नका, 44 इंची पन्ह्यात कुर्त्याला अडीच मीटर लागतं तर 58 मध्ये बरंच कमी.

आता माप. टेप जुनी असेल तर आधी स्टीलच्या पट्टीवर लावून बघा, कापडी टेप ताणली जाते. माप घ्यायला घरातलं कोणीतरी बोलवा, स्वतःचं शोल्डर स्वतः मोजता येत नाही, हात वर गेला की माप बदललंच. आतले कपडे तेच घाला जे त्या कुर्त्याखाली घालणार. कमरेला एक नाडी बांधा आणि दोन्ही बाजूंना जरा वाका, नाडी जिथे जाऊन बसेल ती तुमची खरी कंबर, उंचीची मापं तिथून धरा.

छाती दोनदा मोजायची. एकदा नेहमीसारखी, सगळ्यात भरलेल्या जागी, आणि एकदा काखेतून टेप नेऊन छातीच्या वरून. माझ्या मते घरी शिवलेल्या कपड्याचं फिटिंग इथेच ठरतं. क्लासमध्ये आपल्याला शिकवतात छाती भागिले चार, अधिक लूज, अधिक शिलाई, म्हणजे 36 ला 9 अधिक 1 अधिक 1, झालं 11, पुढे पण 11 आणि मागे पण 11. पण अंग पुढून मागून सारखं नसतं ना! दोन मापांत दोन इंचांपेक्षा जास्त फरक आला तर तुमचा भरणा पुढे आहे, पाठ आणि खांदे लहानच आहेत. अशा वेळी मोठ्या आकड्यावर कापलं की गळा खांद्यावरून घसरतो, पाठीला पोतं होतं, आणि पुढे तरी ओढ बसतेच. तेव्हा खांदा, गळा, मुंढा (बाही जोडतो तो काखेचा गोल) आणि पाठ छातीच्या वरून घेतलेल्या मापावर काढा आणि कमी पडेल तेवढं फक्त पुढच्या भागात वाढवा, काखेखाली टक्स (टोकाकडे निमुळती होणारी शिवलेली चूण) घालून. टक्सचं टोक छातीच्या उंचवट्याच्या इंचभर आधी संपवा, नाहीतर तिथे चोच दिसते.

मुंढ्याचं सगळ्यांना उलटंच वाटतं. घट्ट होतोय म्हणून आणखी खाली कोरत जातात, पण मुंढा जेवढा खाली तेवढा हात उचलल्यावर अख्खा कुर्ता वर चढतो. काखेच्या जवळ ठेवलेला मुंढा जास्त मोकळा असतो. बाही दंडाला आवळत असेल तर बाही रुंद करा, मुंढ्याला हात लावू नका.

हे सगळं आधी मांजरपाटावर, लांब टीप मारून. घालून आरशासमोर नुसतं उभं राहू नका, लोकलमध्ये वरचं हँडल धरतो तसा हात वर करा, खुर्चीत बसा, चप्पल घालायला वाका. मग चुण्या वाचा. ताणलेल्या चुण्या जिथून निघतात तिथे कापड कमी आहे, तिथली शिलाई उसवून बघा किती उघडते, तेवढंच वाढवायचंय. लोंबणारी घडी असेल तर तिथे जास्तीचं आहे, टाचणी लावून चिमटीत पकडा. एक खांदा उतरता असणं एकदम कॉमन आहे, त्या बाजूला मानेपासून मुंढ्यापर्यंत तिरकी घडी पडते, तेवढाच खांदा खाली घ्यायचा आणि मुंढाही तेवढाच खाली सरकवायचा. सगळ्या खुणा पेनने मांजरपाटावरच करा, उसवलं की तोच तुमचा पॅटर्न, पुढच्या कुर्त्यालाही चालतो.

मशीनचं थोडक्यात. नवीन सुई घाला, कॉटनला 14 नंबर, पातळ कापडाला 11. तेल दिलं असेल तर आधी चिंधीवर टीप मारा म्हणजे डाग तिथेच निघतील. बॉबिन दोन भरून ठेवा. कागद कापायची कात्री वेगळी, कापडाची वेगळी, आणि हे घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा, विशेषतः दुधाच्या पिशव्या कापणाऱ्यांना.

कापताना काठाला समांतर उभा धागा धरा, कापड वाचवायला पॅटर्न तिरका फिरवलात तर कुर्ता धुतल्यावर पायांभोवती पिळतो. घेरदार रेयॉन असेल तर शिवून झाल्यावर रात्रभर हँगरला लटकवा, तिरपे भाग लोंबतात, मगच खालची कड सरळ कापून दुमड घाला. आणि बाजूच्या शिलाईत चांगली इंचभर माया, म्हणजे जादा कापड, सोडा, नवरात्रीनंतर लगेच दिवाळीचा फराळ आहे.