मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर डोंगर-झाडं लावताना या चुका टाळा

घरातल्या रेल्वेचे रूळ टाकून झाले, गाडी एक फेरी मारून आली, की हात शिवशिवायला लागतात. डोंगर कधी, झाडं कधी, बोगदा कधी! नाशिकला गच्चीवरच्या खोलीत 8 बाय 4 फुटांच्या प्लायवर मी कसारा-इगतपुरी घाटाचा तुकडा करायला घेतला, तेव्हा माझंही हेच झालं. पुढे जे जे बिघडलं त्यातलं बहुतेक एकाच कारणानं: आधी डिंक, मग विचार.

गाडी नीट न चालवताच सजावट सुरू करणं

एक फेरी म्हणजे चाचणी नव्हे. सगळे डबे जोडून, अगदी हळू, पुढे आणि मागे, प्रत्येक सांध्यावरून (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) गाडी नेऊन बघा. डबे ढकलूनही बघा, रुळावरून उतरायचे ते तेव्हाच उतरतात. रुळांच्या नुसत्या जोडांवर विजेसाठी विसंबू नका. डिंकाचं पाणी आणि रंग त्या जोडांत शिरला की सहा महिन्यांनी गाडी एका ठराविक जागी अडून बसते. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी वायर डाखून घ्या. डोंगर झाल्यावर हे काम पालथं झोपून करावं लागतं.

खडी: सगळ्यात जास्त घोळ इथेच

पहिली चूक आकाराची. खऱ्या रुळांखालची खडी 65 मिलिमीटरपर्यंत असते. आपलं प्रमाण 87 ला 1, खऱ्या वस्तूच्या 87 पट लहान, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या वर दाणा नको. बारीक रव्याएवढा समजा. जाड दाणा टाकला की इंजिन धोंड्यांतून चाललंय असं वाटतं.

दुसरी चूक खास आपल्या भागातली. इथे दगड फुकट मिळतो, म्हणून मी क्रशरवरची कच आणून चाळली. रंग हुबेहूब! पण आपला काळा दगड बेसाल्ट, आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. ते कण मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. आठवड्यात इंजिन खरखरायला लागलं. कच वापरायची तर धुऊन, वाळवून, कागदावर पसरा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लोहचुंबक तिच्यावरून पुन्हा पुन्हा फिरवा. पिशवीला काही चिकटायचं थांबेपर्यंत.

तिसरी चूक, डिंक थेट ओतणं. कोरड्या खडीवर डिंकाचा थेंब मोत्यासारखा उभा राहतो आणि खडीचे गोळे करून सोडतो. आधी खडी मऊ ब्रशनं बसवून घ्या, स्लीपरवर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर) एक दाणाही राहू देऊ नका. मग पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून बारीक फवारा मारा. खडी भिजल्यावरच निम्मं पाणी-निम्मा फेविकॉल ड्रॉपरनं सोडा. लगेच ओल्या फडक्यानं रुळांचा माथा पुसा. खऱ्या घाटात 37 ला 1 चढ आहे, 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर, आणि मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. डिंकाळलेल्या रुळावर तुमचं इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसेल, आणि बँकर काही येणार नाही.

सांध्याच्या हलत्या पात्यांखाली खडी टाकूच नका. चिकटलंच असेल तर घाबरू नका, पण पातं ओढूही नका. कोमट पाण्याचं फडकं अर्धा तास ठेवा, डिंक मऊ पडतो, मग टूथपिकनं काढा.

स्वित्झर्लंडचा डोंगर, नाशिकची गाडी

इंटरनेटवरचे नमुने बघून आपण टोकदार, राखाडी सुळके करतो. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, आडव्या पायऱ्यांचा, माथ्यावर सपाट. गच्चीवर जाऊन बघा. पण निव्वळ काळा रंग फासू नका. खोलीतल्या उजेडात तो कोळशाचा ढीग दिसतो. काळ्यात तपकिरी मिसळा, वाळल्यावर कडांना जवळजवळ कोरड्या ब्रशनं फिकट राखाडी ओढा. पीओपी भिजवतानाच थोडी रंगाची पूड घाला, नाहीतर टवका उडाला की पांढरं दिसतं. आणि हो, पीओपी पाण्यात टाकायचं, पाणी पीओपीत नाही.

थर्माकोलवर सॉल्व्हंटचा गोंद किंवा स्प्रे मारला तर तो विरघळतो. माझ्या डोंगरात एका रात्रीत पांडवलेणी कोरली गेली.

सगळे ऋतू एकदम

रेल्वेत नोकरी केलेले शेजारचे आजोबा लेआउट बघायला आले आणि म्हणाले, "काय हो, ही गाडी कोणत्या महिन्यातली?" मी कड्यावरून धबधबा सोडला होता, खाली पळस फुलला होता, आणि रुळालगत द्राक्षांची बाग घडांनी लगडलेली. पळस फेब्रुवारी-मार्चचा, धबधबा जुलै-ऑगस्टचा. वर नाशिक म्हणजे द्राक्षं म्हणून मी ती घाटमाथ्यावर आणून ठेवली. द्राक्षं पाहायची ती दिंडोरी-निफाडकडे, इगतपुरीच्या पट्ट्यात भात. मी ऑगस्ट धरला आणि पळस उपटला. तुम्ही एप्रिल धरलात तरी चालेल. पिवळं गवत नारळाच्या काथ्यातून छान होतं, आणि खर्च शून्य.

अंतर न मोजणं

सगळ्यात लांब डबा घ्या. एलएचबीचा (आताच्या नव्या बनावटीचा) खरा डबा साधारण 23.5 मीटरचा, आपल्या प्रमाणात 27 सेंटिमीटर. वळणावर त्याचं पोट आत आणि टोकं बाहेर येतात. डब्याला पेन्सिल बांधून फिरवा, ती रेघ ओढेल तिच्या आत ना कडा, ना विजेचा खांब. बोगद्याला मागून हात जाईल एवढी खिडकी ठेवाच.

झाडं आपण फार बुटकी करतो. 10 मीटरचा आंबा साडेअकरा सेंटिमीटरचा हवा. बागेतली माती वापरणार असाल तर जुन्या तव्यावर भाजून घ्या, पावसाळ्यात त्यातून काय काय उगवतं ते मी पाहिलंय. पाण्यासाठी रेझिन एकदम जाड ओतू नका, तापून तडकतं. पातळ थर, मध्ये पूर्ण वाळू देणं. गोदावरी निळी नसते, हेही लक्षात असू द्या.

काम नसताना लेआउटवर जुनी चादर टाका. तरीही धूळ बसणारच. व्हॅक्यूमच्या तोंडाला पातळ मोजा बांधा. सैल झालेली झाडं त्यात अडकतात, तीच परत लावायची.