सडा, घाटी, पाणंद: कोकणात एकच माउंटन बाईक घ्यायची तर

जयगडहून फेरीबोटीने खाडी ओलांडायची, तवसाळला उतरायचं आणि हेदवीच्या दिशेने निघायचं. डांबर सोडून आत वळलात की थोड्याच अंतरात जमिनीच्या सगळ्या तऱ्हा भेटतात. चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी, दोन गडग्यांमधली पाणंद, पऱ्यातले गोटे, काजूच्या पाल्याने झाकलेली पायवाट, आणि घाटी चढून गेलं की मोकळा कातळसडा, म्हणजे वरचं उघड्या खडकाचं पठार. एकाच फेरीत हे सगळं पार करणारी सायकल हवी असेल, तर निवडताना आधी आपली जमीन आणि आपली हवा बघा. माउंटन बाईक १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या कोरड्या डोंगरांत घडली. आपल्याकडे जांभा आहे, चार महिने शेवाळ आहे आणि बाराही महिने खारा वारा आहे.

मी बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. मीठ लोखंडाचं आणि ॲल्युमिनियमचं काय करतं ते रोज हातात घेऊन बघतो. त्यामुळे सायकल विचारायला कुणी आलं की मी आधी वजन किंवा रंग सांगत नाही. ती खोलता किती येते आणि पुन्हा जोडता किती येते ते सांगतो.

हार्डटेलच घ्या. पुढे शॉकअप (त्यालाच फोर्क म्हणतात), मागे सरळ चौकट. मागेही शॉकअप असलेली सायकल उतारावर सुखाची असते यात शंका नाही, पण तिच्या मागच्या सांध्यांमध्ये सात-आठ तरी छोटी बेअरिंग असतात आणि वर मागच्या शॉकची वेगळी सर्व्हिस. एका पावसाळ्यात लाल चिखल आणि खार आत शिरला की ती बेअरिंग कुरकुरायला लागतात. काम करायला माणूस बहुतेक वेळा कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईलाच गाठावा लागतो. शिवाय त्याच पैशांत हार्डटेल घेतली तर फोर्क, ब्रेक आणि चाकं कितीतरी वरच्या दर्जाची मिळतात. आपल्या घाट्या लांब नसतात, आखूड आणि तुटक असतात. तिथे चांगला पुढचा शॉक आणि रुंद टायर पुरतो.

आता फोर्क. स्वस्त सायकलींवर लोखंडी स्प्रिंगचा फोर्क येतो. नुसत्या फोर्कचंच वजन अडीच किलोच्या आसपास. त्यातली स्प्रिंग कारखान्याने एका सरासरी वजनासाठी बसवलेली असते, म्हणजे पंचावन्न किलोच्या मुलीला तो दगडासारखा लागतो आणि नव्वद किलोच्या माणसाखाली पहिल्याच पायरीला तळ गाठतो. वरचा गोल नॉब फिरवून फार फरक पडत नाही, दुकानदार काहीही सांगो. हवेचा फोर्क घ्या. छोट्या पंपाने आपल्या वजनाप्रमाणे हवा भरता येते. चाल, म्हणजे फोर्क जास्तीत जास्त दबतो ते अंतर, १२० मिलिमीटर असावी. शर्यतीच्या सायकलींना १०० पुरते, १४० झाली की सड्यावरच्या लांब सपाटीला जड वाटायला लागते.

फोर्क दुकानातच तपासता येतो. चकचकीत नळीवर बहुतेक वेळा एक रबरी कडं असतं. ते खाली सरकवा, सायकलीवर नेहमीसारखे उभे राहा, अलगद उतरा. १२० मिलिमीटरच्या फोर्कमध्ये कडं २५ ते ३० मिलिमीटर वर सरकलेलं दिसलं पाहिजे. कमी सरकलं तर हवा काढा, जास्त सरकलं तर भरा. मग खालचा रिबाउंडचा स्क्रू दोन्ही टोकांना फिरवून फोर्क दाबून बघा. परत वर येण्याचा वेग बदलला नाही, तर तो स्क्रू शोभेचा आहे. पाखाडीवर एकामागून एक पायऱ्या येतात तेव्हा याच स्क्रूमुळे हँडल हातात राहतं.

ब्रेकवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक हवेत. तारेचे डिस्क ब्रेक कोरड्या गावात चालतात, पण आपल्याकडे तार आवरणाच्या आत गंजते आणि लिव्हर दाबून परत यायचा आळस करतो. ऑइल कुठलं लागतं तेही विचारा. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. काही ब्रेकमध्ये डॉट जातीचं, गाड्यांसारखं. डॉट ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि ओलावा आत शिरला की ते लवकर उकळतं. आपल्या दमट हवेत मी मिनरल ऑइलच्या बाजूचा आहे.

यापुढची गोष्ट फार कमी लोक बघतात. गुडघ्यावर बसा आणि डिस्कवर कोरलेली बारीक अक्षरं वाचा. खालच्या किमतीच्या बऱ्याच शिमानो डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे या डिस्कवर मऊ, रेझिनचे पॅडच चालतात. उन्हाळ्यात ते उत्तम, आवाज न करता धरतात. पण जुलैत लाल चिखलाची पातळ भाजी टायरवरून डिस्कवर उडत असते, त्यातले जांभ्याचे कण पॅडला कानशीसारखे घासतात, आणि एका मोठ्या ओल्या उतारात पॅड निम्मा झालेला मी पाहिला आहे. पावसात सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे पॅड टिकतात. ते लावायचे तर डिस्क तशी हवी. तेव्हा ही अक्षरं असतील तर दुकानदाराला डिस्क बदलून मागा, किंवा तेवढे पैसे बाजूला ठेवा. पुढची डिस्क १८० मिलिमीटरची मिळाली तर सोनं, मागे १६० पुरते.

गिअर किती आहेत हा प्रश्नच सोडून द्या. सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे ते विचारा. एकवीस गिअरच्या सायकलीवर पुढचं सगळ्यात लहान चक्र बहुधा २४ दात्यांचं आणि मागचं सगळ्यात मोठं २८ दात्यांचं. २४ भागिले २८, म्हणजे ०.८६. पेडलचा एक फेरा झाला की २९ इंची चाक जवळजवळ दोन मीटर पुढे जातं. पुढे एकच ३२ दात्यांचं चक्र आणि मागे ४६ असेल, तर ०.७, एका फेऱ्यात एक मीटर साठ सेंटिमीटर. कागदावर फरक चाळीस सेंटिमीटरचा आहे, पण खाडीच्या धक्क्यावरून सड्यावर चढताना तोच फरक बसून चढणं आणि ढकलत नेणं यांच्यातला असतो. मागे ५० किंवा ५१ दाते मिळाले तर आणखी हलकं.

पुढे एकच चक्र असण्याचा दुसरा फायदा म्हणजे पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवतो तो), त्याची तार आणि त्याचा लिव्हर, एवढ्या गंजणाऱ्या वस्तू कमी. चिखल अडकायची जागाही कमी. मागे नऊ किंवा दहा गिअर असलेली मला बारापेक्षा आवडते. चेन जाड, सुटे भाग स्वस्त, आणि तार थोडी ताणली गेली तरी गिअर रुसत नाहीत. खाऱ्या हवेत चेन आणि कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, लवकर बदलाव्या लागतात, तेव्हा ही किंमत दर वेळी मोजायची आहे हे लक्षात ठेवा.

मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, कॅसेट आहे की जुन्या पद्धतीचं फ्रीव्हील, हे नक्की विचारा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये गिअरच्या बाजूचं बेअरिंग बरंच आत असतं, ॲक्सलचा मोठा तुकडा आधाराशिवाय बाहेर राहतो, आणि पायरीवरून चाक आपटत राहिलं की तो वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग टोकाजवळ असतं. पाखाडी उतरायची असेल तर इथे तडजोड नको.

चाकाच्या मापावर लोक तासभर वाद घालतात. साडेपाच फुटांच्या पुढे असाल तर २९, खूप बुटके असाल तर २७.५. संपलं.

टायर मात्र बघा. २.३ ते २.४ इंच रुंद, आणि चौकटीत टायरच्या दोन्ही बाजूंना बोट सहज जाईल एवढी मोकळी जागा. लाल माती ओली झाली की टायरवर थर चढतो आणि अरुंद चौकटीत चाक चक्क थांबतं. फार उंच आणि दाट दात्यांचे टायर नकोत. कोरड्या कातळावर कमी उंचीचे, मऊ रबराचे दाते जास्त पकड देतात. शेवाळलेल्या कातळावर कुठलाच टायर धरत नाही, तिथे उतरून चाला.

सत्तर किलोच्या माणसाला ट्यूब घालून २५ ते ३० पीएसआय हवा पुरे. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरलीत तर तो सवयीने पन्नास-साठ मारेल आणि सायकल सड्यावर उडत जाईल. स्वतःचा पंप आणि मीटर घ्या. व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड आहे की बारीक प्रेस्टा, तेही पाहून ठेवा. प्रेस्टाला पंक्चरवाल्याचं नोझल बसत नाही, एक पितळी ॲडॉप्टर लागतो. तो सीटखालच्या पिशवीत कायम असू द्या. करवंदीच्या जाळ्यांमधून जायचं असेल तर ट्यूबलेस करता येणाऱ्या रिम निवडा, नंतर कधीही बदल करता येतो. आतलं सीलंट, म्हणजे पंक्चर बुजवणारं द्रव, आपल्या उन्हाळ्यात लवकर वाळतं, दोन-तीन महिन्यांनी घालत राहावं लागतं.

मापासाठी दोन गोष्टी. पाय जमिनीवर टेकवून उभे राहिलात की वरच्या दांडीपासून किमान दोन इंच मोकळीक हवी. पाखाडीवर अचानक उतरावं लागतं आणि खालची पायरी सपाट असेलच असं नाही. आणि चौकटीच्या माहितीत हेड अँगल, म्हणजे हँडलखालच्या नळीचा जमिनीशी असलेला कोन, बघा. ६६ ते ६८ अंश असेल तर घाटीच्या उतारावर पुढचं चाक अंगावर आल्यासारखं वाटत नाही. बटण दाबून खाली-वर होणारी सीट मिळाली तर छानच. सुरुवातीला नसली तरी चालेल, पण नंतर बसवता येईल अशी नळी असू द्या, ३०.९ किंवा ३१.६ मिलिमीटरची.

आता मीठ. ॲल्युमिनियमची चौकट गंजत नाही असं दुकानात सांगतात. लाल गंज येत नाही एवढंच खरं. ॲल्युमिनियममध्ये पोलादाचा बोल्ट, आणि मध्ये खारं पाणी, की ॲल्युमिनियम झिजायला लागतं आणि पांढरी भुकटी सुटते. बोटीला आम्ही जस्ताचे तुकडे लावतो, ते झिजतात आणि बाकीचा धातू वाचतो. सायकलीला जस्त लावता येत नाही, म्हणून ग्रीस लावायचं. जुनी सायकल घेत असाल तर आधी सीटची दांडी पूर्ण बाहेर ओढून दाखवायला सांगा. ती हलत नसेल किंवा तोंडाशी पांढरा थर असेल, तर किंमत कितीही कमी असो, मालकाचा चहा घ्या आणि घरी या. नवी घेतलीत तर पहिल्याच दिवशी सीटची दांडी, पेडलचे आटे आणि बाटलीच्या स्टँडचे बोल्ट काढून ग्रीस लावून परत बसवा. आरे स्टेनलेसचे आहेत ना, तेही विचारा.

पुळणीवरून सायकल नेऊ नका असं मी म्हणणार नाही, ओहोटीच्या घट्ट वाळूवर सगळेच नेतात. पण लाटेच्या पाण्यात घालू नका, आणि त्याच संध्याकाळी बादलीभर गोड्या पाण्याने, मगाने धुवा. गाड्या धुतात तो जोराचा पंप नको. त्याचं पाणी हबच्या सीलमधून थेट बेअरिंगमध्ये जातं. पुसा, चेन सुकवा, तेल घाला, वरचं जादा तेल फडक्याने काढा.

पैसे पुरत नसतील तर कापाकापी या क्रमाने करा: आधी चौकटीची वरची श्रेणी सोडा, मग गिअरची, मग चाकांची. फोर्क आणि ब्रेक शेवटपर्यंत सोडू नका. आणि बिल करतानाच त्याच चौकटीचा एक जादा हँगर मागून घ्या. मागचा डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती पट्टी म्हणजे हँगर. गडग्याला घासलं की तो वाकतो, बऱ्याच चौकटींचा आकार वेगवेगळा असतो, आणि तो इथल्या दुकानात शोधून मिळत नाही.