विश्वातील आपले स्थान मोजपट्टीने कसे समजून घ्यावे

‘विश्व अफाट आहे’ हे वाक्य कितीही वेळा वाचले तरी डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही, कारण एकावर वीस शून्ये असोत वा पंचवीस, मनाला दोन्ही आकडे सारखेच वाटतात. म्हणून आकडे पाठ करण्याऐवजी स्वतः भागाकार करून पाहावा आणि एक मोजपट्टी अपुरी पडली की दुसरी घ्यावी.

सुरुवातीला १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर असे प्रमाण धरावे. या प्रमाणात सूर्याचा व्यास सुमारे १४ सेंटिमीटर भरतो आणि त्याच्यापासून १५ मीटरवर असलेली पृथ्वी जेमतेम सव्वा मिलिमीटरची होते. चंद्र पृथ्वीपासून चार सेंटिमीटरांच्या आतच येतो. माणूस स्वतः आजवर जितका दूर गेला आहे, ते अंतर साधारण एवढेच. नेपच्यून सूर्यापासून ४५० मीटरवर असेल. शक्य असल्यास हे अंतर मोकळ्या जागी प्रत्यक्ष चालून पाहावे, कारण भिंतीवरच्या तक्त्यांत ग्रहांचे आकार आणि त्यांमधील अंतरे बहुधा एकाच प्रमाणात काढलेली नसतात (तशी काढायची तर ग्रह दिसणारच नाहीत).

आता याच पट्टीने पुढे जावे. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर १ हे यान आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर जात आहे, तरी आपल्या प्रतिकृतीत ते सूर्यापासून अवघ्या अडीच किलोमीटरवर पोहोचले आहे. सूर्यानंतरचा आपल्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, मात्र सुमारे ४,००० किलोमीटरवर ठेवावा लागेल. माझ्या मते या खटाटोपात पृथ्वीच्या लहानपणापेक्षा ताऱ्यांमधील हे रितेपण अधिक थक्क करते.

येथे पट्टी बदलावी आणि १ मिलिमीटर म्हणजे १ प्रकाशवर्ष (प्रकाश एका वर्षात कापतो ते अंतर) धरावे. प्रॉक्सिमा आता चार मिलिमीटरवर येतो, नेपच्यूनपर्यंतची सगळी सूर्यमाला मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागात मावते, आणि आपली आकाशगंगा साधारण १०० मीटर रुंद होते.

दीर्घिकांसाठी, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांसाठी, आणखी मोठे माप लागते. १ मिलिमीटर म्हणजे १ लाख प्रकाशवर्षे धरल्यास आकाशगंगा मिलिमीटरभर उरते आणि देवयानी दीर्घिका तिच्यापासून अडीच सेंटिमीटरवर येते. म्हणजे दोन तारे त्यांच्या आकारमानाच्या मानाने जितके दूर असतात, तितक्या या दोन दीर्घिका दूर नाहीत. भविष्यात त्यांची टक्कर होण्याची शक्यता खगोलशास्त्रज्ञ गांभीर्याने तपासतात, पण तशा टकरीतही तारे एकमेकांवर क्वचितच आदळतील. दृश्य विश्वाचा, म्हणजे जिथून प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचू शकला आहे तेवढ्या विश्वाचा, व्यास या पट्टीवर सुमारे ९३० मीटर भरतो.

हीच पट्टी काळालाही लावून पाहावी. १ मिलिमीटर म्हणजे १ लाख वर्षे धरली, तर विश्वाचे १३८० कोटी वर्षांचे वय १३८ मीटर होते आणि पृथ्वीचे सुमारे ४५ मीटर. आपली मानवजात त्यातील शेवटचे तीन मिलिमीटर व्यापते, तर लेखनाचा सारा इतिहास मिलिमीटरच्या दहाव्या भागातही सहज बसतो.

येथे चिकित्सक वाचकाला एक शंका येईल: वय १३८ मीटर असताना दृश्य विश्वाची त्रिज्या ४६५ मीटर कशी? प्रकाश आपल्याकडे येत असताना मधले अवकाशही प्रसरण पावत राहिले, त्यामुळे ज्या ठिकाणांहून तो निघाला ती ठिकाणे आता त्याने प्रवासात घालवलेल्या वर्षांच्या हिशेबापेक्षा कितीतरी दूर गेली आहेत.