टायर बदलायला जाण्याआधी

पावसाळ्याआधी टायर बदलायचे असतील तर मे महिन्यातच बदला. पाऊस सुरू झाल्यावर धावपळीत जे मिळेल ते घेतलं जातं. बदलायची वेळ झाली का, ते खाचांमध्ये बघा. तिथे आडव्या उंच रेघा असतात, त्या १.६ मिलिमीटर उंचीच्या. नक्षी झिजून त्यांना टेकली की टायर संपला. पावसात तिथवर थांबूही नका.

निघण्याआधी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो काढा. माप त्यावरूनच सांगा, जुन्या टायरवरून नको; आधीच्या मालकाने भलतंच काही बसवलेलं असू शकतं. समजा माप आहे १८५/६५ आर १५ ८८ एच. रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. इथवर सहसा कोणी चुकत नाही. पुढचं ८८ एच स्वतः वाचा. ८८ म्हणजे एका टायरने ५६० किलो पेलायचे, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. यापेक्षा कमी घेऊ नका. ‘आपण कुठे एवढ्या वेगाने जातो’ असं कुणी म्हणालं तरी पाच माणसं आणि गावाहून आणलेलं तांदळाचं पोतं गाडीत असतंच. आयएसआयचा शिक्का बघा.

आणि तारीख. टायरच्या बाजूवर डीओटी अशा अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मी २०२२च्या मेमध्ये चार टायर घेतले. माप जुळवलं, भाव केला, बिल घेतलं. हे चार आकडे बघितले नाहीत. गणपतीला कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला पोचलो आणि पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने टायर खोलून बाजूच्या बारीक चिरा दाखवल्या आणि आकडे वाचले: १४१८. म्हणजे एप्रिल २०१८. मी घेतले तेव्हाच चार वर्षांचे होते. त्याच टायरवर, भर पावसात, मागे आई आणि दोन मुलं बसलेली असताना मी घाट उतरलो होतो.

रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होत जातं आणि ओल्या रस्त्यावरची पकड जाते. वरची नक्षी मात्र कोरी करकरीत दिसते, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, आकडे वाचा. पूर्ण ओळ बहुतेक वेळा एकाच बाजूला असते. ती बाजू आत गेली तर बसवल्यावर दिसणारच नाही. म्हणून रिमवर चढवण्याआधी वाचा. एकच नको, प्रत्येक टायरची वाचा, चारही एकाच गठ्ठ्यातले असतील असं नाही. सहा महिन्यांच्या आतला मागा. वर्षाच्या वरचा असेल तर सवलत कितीही देवोत, उठून दुसऱ्या दुकानात जा. ‘साहेब, स्टॉक ताजाच आहे’ असं म्हणाले तरी मोबाइलचा टॉर्च लावून वाचा.

दोनच बदलत असाल तर नवे मागे बसवायला सांगा. पुढे घालायची सवय सगळ्यांना आहे, पण ओल्या वळणावर मागची चाकं घसरली तर गाडी सावरणं जास्त कठीण. टायरवर बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेने. व्हॉल्व्ह नवे. बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं), अलाइनमेंट (चाकांचा कोन सरळ करणं). हवा स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. स्टेपनीचीही हवा बघा, आणि तिचेही चार आकडे. पाचही टायरचे आकडे बिलावर लिहून घ्या, मगच पैसे द्या.