सायटोलॉजीसाठी लघवी देताय? पहाटेची नको

"झोपेतून उठल्या उठल्या धरलीय," असं कौतुकानं सांगत कुणी डबी पुढं करतं आणि मला ती परत करावी लागते. त्यांचाही दोष नाही. लघवीच्या बऱ्याच तपासण्यांना पहाटेचीच मागतात. पण सायटोलॉजीत आम्ही मूत्राशयाच्या अस्तरातून सुटलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघतो, त्यात कॅन्सरच्या आहेत का ते शोधायला. रात्रभर लघवीत भिजलेल्या पेशी खराब होतात, काचेवर नुसता चोथा दिसतो.

उठल्यावर एकदा जाऊन या. पाणी प्या, जरा चाला-फिरा आणि त्यानंतरची लघवी डबीत घ्या. निदान 30 मिली तरी हवी. बायकांनी आधी स्वच्छ धुवून मधली धार धरावी, नाहीतर बाहेरच्या त्वचेच्याच पेशी भरतात. डबीत आधीपासून औषध असेल तर ते ओतून टाकू नका. (विसळून, चकचकीत पुसून आणणारेही भेटलेत!) पेशी टिकाव्यात म्हणूनच ते घातलेलं असतं. औषध नसेल तर नमुना लगेच पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. डॉक्टरांनी तीन दिवस तीन नमुने सांगितले असतील तर तिन्ही द्या.

फॉर्मवर मुतखडा, जंतुसंसर्ग, लघवीची नळी, बीसीजीचे डोस (कॅन्सरवर मूत्राशयात सोडतात ते), जे असेल ते लिहा. यातल्या कशानंही पेशींचं रूप बदलतं आणि आमची फसगत होते.

आता रिपोर्ट. 2016 पासून बऱ्याच ठिकाणी तो 'पॅरिस सिस्टिम' या ठरावीक पद्धतीनं लिहितात. तिचा सगळा रोख हाय-ग्रेड, म्हणजे जास्त आक्रमक, कॅन्सरवर आहे: केंद्रकानं पेशीचा 70 टक्क्यांहून जास्त भाग व्यापलेला, रंग गडद, कडा वेडीवाकडी. अशा पेशी सहसा लपत नाहीत. लो-ग्रेडच्या, म्हणजे कमी आक्रमक कॅन्सरच्या, मात्र निरोगी पेशींसारख्याच दिसतात, त्या आमच्या हातून निसटतात. 'अ‍ॅटिपिकल' (नेहमीपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या पेशी) लिहिलं म्हणजे कॅन्सर ठरला असं नाही, पण डॉक्टरांना दाखवायचंच. आणि लघवीतून रक्त गेलं असेल, भले एकदाच, न दुखता, तर 'निगेटिव्ह' रिपोर्ट बघून दुर्बिणीची तपासणी टाळू नका. ती डॉक्टर मूत्राशयाच्या आत बघून करतात. मला दिसतं ते फक्त वाहून आलेलं.

आणि हो, नाव डबीवर लिहा, झाकणावर नको. टेबलावर झाकणं सगळी एकत्रच उघडी पडलेली असतात.